तिकीट स्वस्त, पण प्रवास केवढ्याला?

जुळे सोलापुरातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंग करून आता एम.एस.साठी जर्मनीतल्या माग्डेबुर्गला निघाली आहे. सत्र १ ऑक्टोबरपासून आहे. व्हिसाची कागदपत्रं देऊन झाली, पासपोर्ट अजून परत यायचा आहे. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलं आहे. घरात तीन आठवडे तिकिटावरून वाद चालू आहे. एका एजंटने ३८,५०० रुपयांत मुंबई ते बर्लिन पोहोचवतो म्हणून कागद पाठवला आहे. वडिलांचं म्हणणं, पोरगी पहिल्यांदाच देशाबाहेर चाललीय, तीही एकटी. ५५,००० गेले तरी चालतील, पण मुंबई–फ्रँकफर्ट थेट विमानच हवं. मामा म्हणतात, थांबा, शेवटच्या आठवड्यात भाव पडतात. मुलगी म्हणते, "मला कसंही चालेल, स्वस्त असलं की झालं." मुंबईला सोडायला ११ जण, दोन गाड्या आणि एका रात्रीचा मुक्काम धरून २७,००० रुपये लागतील असा आईचा अंदाज आहे. शेवटी त्या विचारतात, "जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला ती घरी हवी. परतीचं तिकीटही आत्ताच काढून ठेवू का?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही हा ३८,५०० की ५५,००० एवढाच प्रश्न वाटला. दुसऱ्यांदा पेन घेऊन बसले आणि समासात वजाबाकी केली. दोन तिकिटांतला फरक १६,५०० रुपये. त्यावरून घरात तीन आठवडे कुणाला जेवण गोड लागेना. आणि दोन गाड्यांचे २७,००० मात्र तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहून टाकलेत. त्यावर ना मिस्टरांनी चकार शब्द काढला, ना मामांनी.

तो खर्च करू नका असं मी म्हणत नाहीये, त्याच्याकडे येतेच. पण सगळ्यांचे डोळे तिकिटाच्या आकड्यावर खिळलेत. प्रवास तुमच्या उंबऱ्यावर सुरू होतो आणि माग्डेबुर्गला खोलीची किल्ली तिच्या हातात पडते तेव्हा संपतो. त्या सगळ्याचा हिशेब एकदा मांडू.

आधी एजंटचा कागद. त्याचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत, कारण खरी गंमत बारीक अक्षरात आहे. मुंबईहून आखातातल्या एका शहरात, तिथे १३ तास थांबा. तिथून मिलान. आणि मिलानहून बर्लिन, पण ते वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या पीएनआरचं तिकीट. म्हणजे हा एक प्रवास नाही, एकाला एक चिकटवलेले दोन प्रवास आहेत. आता मिलानसमोरचे इंग्रजी अक्षरांचे कोड बघा. उतरायचंय मालपेन्साला आणि पुढचं विमान आहे बर्गामोहून. दोन्ही विमानतळांना मिलानचंच म्हणतात, पण मधलं अंतर ७५-८० किलोमीटर. आपलं सोलापूर ते पंढरपूर म्हणा ना! परक्या देशात, रात्रभर जागून, दोन मोठ्या बॅगा ओढत, बस शोधत हे अंतर तिला चार तासांत कापायचंय. त्यात आधी पासपोर्टची रांग, मग बॅगा येईपर्यंत पट्ट्यापाशी उभं राहणं, पुढे पुन्हा चेक-इन. आणि पहिलं विमान दोन तास उशिरा आलं तर? दुसरी कंपनी म्हणणार, आमचं विमान वेळेवर गेलं, तुम्ही आला नाहीत. त्या कंपनीचं म्हणणं कायद्यानं बरोबरच असणार.

त्या दुसऱ्या तिकिटात सामान किती, तेही वाचा. 'एक लहान हँडबॅग' एवढंच लिहिलंय. तुमच्या मुलीकडे २३-२३ किलोच्या दोन बॅगा आहेत. स्वस्त कंपन्या तिकीट कमी पैशांत देतात आणि बॅगेमागे पैसे घेतात. विमानतळावर भरायला गेलं तर आणखी जास्त. तेवढे पैसे मिळवा, मधल्या बसचे मिळवा, १३ तासांच्या थांब्यातलं चहापाणी मिळवा. १६,५०० मधले किती उरले?

आणि हे सगळं सुरळीत पार पडलं तरी ती बर्लिनला पोहोचते शनिवारी रात्री साडेअकराला. माझ्या मते या कागदातला सगळ्यात महागडा आकडा हाच. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. स्टेशन-विमानतळावरची थोडी उघडी सापडतात, पण गल्लीतला किराणा, मोबाइलचं सिमकार्ड यातलं काही नाही. विद्यार्थी वसतिगृहाची किल्ली देणारा माणूसही सहसा कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळेतच भेटतो. म्हणजे शनिवारची रात्र आणि रविवारचा अख्खा दिवस हॉटेलात. ते भाडं भरलं की एजंटने वाचवलेला उरलासुरला रुपयाही गेला.

म्हणून तारीख निवडताना भाव बघायच्या आधी वार बघा. सोमवार ते गुरुवार, दुपारपर्यंत माग्डेबुर्गला पोहोचता येईल असं विमान. ३ ऑक्टोबरला जर्मनीत राष्ट्रीय सुट्टी असते, तो दिवस टाळा. वसतिगृहाला आधी ईमेल करून विचारायचं: किल्ली कोण देणार, कुठे, किती ते किती? उत्तर आलं की मग तिकीट. आपल्याकडे सगळे उलट करतात.

आता मिस्टरांचं थेट विमान. त्यांची काळजी मला समजते आणि तिची चेष्टा करायचा माझा हेतू नाही. पण 'थेट म्हणजे सुरक्षित' हे गृहीत जरा उलगडून बघू. फ्रँकफर्टपर्यंत ती थेट जाईल. माग्डेबुर्ग तिथून रेल्वेने साधारण चार तास, आणि बहुतेक गाड्यांना मध्ये हॅनोव्हर किंवा ब्राउनश्वाइगला बदलावं लागतं. म्हणजे बदल चुकला नाहीच, विमानाऐवजी रेल्वेच्या फलाटावर आला. तिथे ४६ किलो सामान तिचं तिलाच उचलायचं. ५५,००० मध्ये या रेल्वेचं भाडं धरलेलं नाही, आणि जर्मनीत लांबच्या जलद गाडीचं आयत्या वेळचं तिकीट चांगलंच झोंबतं.

विमान बदलायचं असेल, पण सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर बॅगा मुंबईला दिल्या की बर्लिनलाच भेटतात. मध्ये फक्त पाठीवरची सॅक घेऊन एका दारातून दुसऱ्या दाराकडे चालत जायचं. चार वर्षं पुण्याच्या हॉस्टेलवर राहिलेली आणि हुतात्मा एक्सप्रेसच्या गर्दीतून जागा काढणारी मुलगी हे करू शकते, ताई. विमानतळ ही दिव्यांची, माणसांची, पोलिसांची जागा आहे. अडचणीची वेळ येते ती अनोळखी गावात, रात्री उशिरा, फोनमध्ये नेट नसताना. वडिलांनी काळजी करायचीच तर त्या वेळेची करावी.

तर माझं मत असं: एकच पीएनआर, एकच थांबा, थेट बर्लिनपर्यंत. मग तो थांबा फ्रँकफर्ट, म्युनिक, ॲमस्टरडॅमचा असो की दोह्याचा. बर्लिनच्या विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून अर्ध्या तासात शहरातलं मुख्य स्टेशन, आणि तिथून आरई-१ ही गाडी न बदलता माग्डेबुर्गला पोहोचवते, साधारण पावणेदोन तासांत. ती प्रादेशिक गाडी असल्यामुळे आधी आरक्षणाची भानगड नाही; विमान उशिरा आलं तर पुढची गाडी पकडायची. थांबा किमान दोन-अडीच तासांचा घ्या. कंपन्या पन्नास मिनिटांचाही विकतात. पण तुमची मुलगी युरोपातल्या ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरेल तिथेच पासपोर्टची तपासणी होणार, आणि सकाळी आशियातून चार-पाच विमानं एकदम उतरली की ती रांग आषाढीला पंढरपुरात लागते तशी असते. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा असल्यावर ॲमस्टरडॅम किंवा पॅरिसमार्गे जायला वेगळा व्हिसा लागत नाही. लंडनमार्गे स्वस्त दिसलं तर मात्र सावध. युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांचा जो शेंगेन गट, त्यात ब्रिटन नाही, तिथले नियम निराळे.

एका तिकिटाचा आग्रह मी का धरते, ते आणखी एका कारणाने सांगते. २३ जून २०२५ ला कतारने अचानक आपलं आकाश बंद केलं. काही तासांचाच प्रकार, पण दोह्यामार्गे जाणारे लोक ठिकठिकाणी अडकले. अशा वेळी एकच तिकीट असेल तर शेवटच्या मुक्कामापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. दोन सुटी तिकिटं असतील तर दुसरं हातातल्या हातात मातीमोल. युरोपीय संघाचा २००४ चा एक नियम आहे, क्रमांक २६१. कंपनीच्या चुकीने फार उशीर झाला तर भरपाई मिळते, साडेतीन हजार किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत. पण मुंबईहून जाताना तो युरोपीय कंपनीच्या विमानालाच लागू होतो, आखाती किंवा भारतीय कंपनीच्या नाही. युरोपातून निघताना मात्र कुठल्याही कंपनीला लागू. म्हणून आखाती कंपनी घेऊच नका असं नव्हे. दोन भाव जवळपास सारखे आले तर पारडं कुठे झुकवायचं, एवढ्यापुरतं लक्षात ठेवा.

मामांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, भाव पडायची वाट बघायला ही काही बाजार समितीतली कांद्याची आवक नव्हे. एका विमानातल्या एकाच वर्गातल्या खुर्च्यासुद्धा निरनिराळ्या भावांच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात. स्वस्त कप्पा भरला की पुढचा उघडतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात अख्ख्या देशातून विद्यार्थी जर्मनीकडे निघतात. स्वस्त कप्पे आधी संपणार हे उघड आहे. मंगळवारी रात्री तिकीट स्वस्त मिळतं, एकाच मोबाइलवरून पुन्हा पुन्हा शोधलं की भाव चढतो, या गोष्टी मीही ऐकत आलेय. त्यांच्या नादी लागून रात्र जागवू नका. गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर तारखांचा तक्ता उघडायचा, अलर्ट लावायचा, दोन आठवडे भाव नुसते बघायचे. नेहमीचा भाव कोणता आणि चढलेला कोणता, हे त्यातून कळतं. शोधायचं तिथे, पण पैसे भरायचे विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर. चारशे-पाचशे रुपये जास्त गेले तरी. तारीख बदलायची वेळ आली की मधला माणूस 'कंपनीला विचारा' म्हणतो आणि कंपनी 'मधल्याला विचारा' म्हणते.

तारीख बदलायची वेळ तुमच्यावर येऊ शकते, हे धरून चला. पासपोर्ट अजून परत आलेला नाही. व्हिसा हातात पडण्याआधी, रद्द केल्यावर पैसे बुडतील असं तिकीट मुळीच काढू नका. भाव चढताना बघवत नसेल, तर थोडे जास्त देऊन तारीख बदलता येईल असं काढा, आणि त्या बदलाला किती पडतील हे आधी वाचा. व्हिसावर 'या तारखेपासून' असं लिहिलेलं असतं. त्याआधी जर्मनीत पाय ठेवता येत नाही.

विद्यार्थी म्हणून मिळणारं तिकीट एजंटच्या कागदावर दिसत नाही, याचं मला नवल वाटलं. एअर इंडिया, एमिरेट्स, कतार, लुफ्तान्सा यांच्याकडे विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना असते. कुणी मूळ भाड्यात सूट देतं, कुणी एक बॅग जास्त, कुणी तारीख बदलण्याची सवलत. त्यासाठी त्यांच्या साइटवर 'स्टुडंट' हा पर्याय आधी निवडावा लागतो आणि विमानतळावर प्रवेशपत्र दाखवावं लागतं. तुमच्या मुलीला पन्नास रुपयांच्या सुटीपेक्षा दुसरी बॅग मोलाची आहे. म्हणून भावांची तुलना करताना प्रत्येक तिकिटात दोन बॅगा घालून मगच आकडा लिहा. कर्जाबद्दलही एक विचारा: परदेशी शिक्षणाच्या कर्जात प्रवासखर्च धरायची सोय बऱ्याच बँकांत असते. तिकिटाची पावती जपून ठेवा आणि शाखेत जाऊन चौकशी करा.

तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात मुलीच्या नावापुढे बऱ्याचदा वडिलांचंही नाव असतं. ते तसंच्या तसं टाकायचं. घाईत नाव-आडनाव एवढंच लिहून मोकळं व्हायचं नाही.

आता सोलापूरहून निघायचं कसं. मुंबईच कशाला, असा प्रश्न पत्रात कुणीच विचारलेला नाही. आपल्या पिढीच्या डोक्यात परदेश म्हणजे सहार विमानतळ हे पक्कं बसलंय. नकाशा काढा. सोलापूर–मुंबई रस्त्याने ४०० किलोमीटर. हैदराबाद ३०० च्या आसपास: नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद. आणि शमशाबादचा विमानतळ शहराच्या बाहेर, दक्षिणेला पडतो. पाटणचेरूजवळ बाहेरचा रिंगरोड धरला की शहराच्या गर्दीत शिरायची गरजच नाही. पनवेल-वाशीला अडकलेल्या माणसालाच याची किंमत कळेल. हैदराबादहून फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम, लंडनला थेट विमानं आहेत, आखाती कंपन्या आहेतच. शोधताना दोन्ही शहरं टाका. पुण्याहून युरोपला थेट काही नाही, मध्ये दिल्ली किंवा दुबई येतेच. पण एकाच तिकिटावर असेल आणि भाव बरा असेल तर तेही वाईट नाही. बॅगा पुण्यातच देऊन मोकळं होता येतं.

आणि आपला होटगी रोडचा विमानतळ? २०२३ च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा निम्मं सोलापूर हळहळलं आणि निम्मं खूश झालं. २०२५ मध्ये आधी गोव्याचं आणि मग मुंबईचं विमान सुरूही झालं. पण देशातल्या प्रवासाला सहसा १५ किलोच सामान मिळतं, तुमच्याकडे आहे ४६. शिवाय ते पुन्हा वेगळं तिकीट. सोलापूरचं विमान रद्द झालं तर फ्रँकफर्टचं थांबणार नाही. मुलीला सुट्टीत घरी यायला उत्तम, या वेळी नको.

मुंबईच ठरलं तर रेल्वे. युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे सकाळच्या वंदे भारतने दुपारी पोहोचलं तरी हातात सात-आठ तास राहतात. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तो वार बघून घ्या. सकाळी-दुपारी विमान असेल तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरू नका. गाडी रखडली तर जीव टांगणीला. एक दिवस आधी निघा.

मध्यरात्रीनंतर म्हटलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. भाच्याच्या वेळी तिकिटावर होतं '२४ सप्टेंबर, १:१०'. आम्ही सगळे २४ तारखेला संध्याकाळी हार-नारळ घेऊन विमानतळावर. काउंटरवरची मुलगी कागद बघून गप्पच झाली. विमान आदल्या रात्रीच गेलं होतं. २३ ची रात्र बारानंतर २४ होते, हे घरातल्या नऊ शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्या रात्री नवं तिकीट किती पैशांत घेतलं ते मेव्हण्यांनी अजून मला सांगितलेलं नाही. तर तुमच्या कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहू नका, घरातून निघायची तारीख लिहा.

आता गड्ड्याचं. ताई, इथे तुम्हाला थोडं वाईट वाटेल. जर्मनीत हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात. नाताळात दोनेक आठवडे सुट्टी, आणि संक्रांतीला, जत्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा, तिचे तास भरात असणार. पाठोपाठ परीक्षा. शिवाय डिसेंबरात सगळं जग घरी निघतं, त्यामुळे भाव चढलेले. परीक्षा संपल्यावर, उन्हाळी सत्र सुरू व्हायच्या आधी मार्चमध्ये एक मोकळी फट सापडते. तेव्हा भावही सहसा बरे असतात. पण परीक्षेच्या तारखा तिला तिथे गेल्यावर कळणार. म्हणून आत्ता परतीचं काढू नका. अपवाद एकच: कधी कधी जाऊन-येऊनचं तिकीट एकेरीच्या जवळपास भावात मिळतं. तसं मिळालं आणि परतीची तारीख बदलता येत असेल तर घ्या. परतीचा भाग वापरला नाही तरी जाण्याला धक्का लागत नाही. उलटं मात्र करू नका. जाण्याचा पहिला टप्पा चुकवला तर पुढचं सगळं तिकीट आपोआप रद्द होतं.

आणि आता ते ११ जण. कोण कोण येणार याची यादी तुम्ही दिलीत, आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत. वाचून बरं वाटलं. सगळ्या गल्लीची मुलगी निघालीय. पण मुंबईच्या टर्मिनलच्या दारात काय होतं, ते सांगते. तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत. गाडी थांबते, मागचा भोंगा वाजवतो, पोलीस 'चलो, चलो' करतो. ट्रॉलीवर बॅगा चढवेपर्यंत पाच मिनिटं जातात, आणि जिच्यासाठी ४०० किलोमीटर आलात तिला धड जवळही घेता येत नाही. त्यापेक्षा निरोप सोलापूर स्टेशनवर द्या. फलाटावर ११ काय, ४० जण येऊ देत. आजींना जिने-पायऱ्यांचा त्रास नको म्हणून तेवढं एक नंबरच्या फलाटाचं बघा. पुढे मुंबईपर्यंत तुम्ही दोघंच जा. २७,००० मधले निम्म्याहून जास्त वाचतील, आणि तिकिटाचा वाद तिथेच मिटेल.

वाचलेल्या पैशांतलं काही तिच्या पहिल्या आठवड्यासाठी ठेवा, म्हणजे तिला प्रत्येक युरो रुपयात मोजावा लागणार नाही. 'मला कसंही चालेल' हे तिचं वाक्य मला टोचलं. कर्ज काढलेल्या घरातल्या मुली असंच बोलतात. एका रविवारी तिलाच लॅपटॉप घेऊन मध्ये बसवा. वार, थांबा, बॅगा, किल्लीची वेळ हे सगळं तिनेच शोधायचं, तिनेच मांडायचं, आणि शेवटचं बटण तिनेच दाबायचं. मिस्टरांनी कार्ड द्यावं आणि अर्धा तास गप्प बसावं. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ठरवत असताना बसतात तसं.

राहिलं सामान. पॉवर बँक आणि औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत, मूळ कागदपत्रंही तिथेच. ती चेक-इनमध्ये कधीच द्यायची नाहीत. सोलापुरी चादर एकच द्या, दोन दिल्या तर वजनकाट्यावर कळेल. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खुशाल द्या, हवाबंद पिशवीत, वर काय आहे ते इंग्रजीत लिहून. भाकरी डब्यात उभ्या लावा, आडव्या ठेवल्या की चुरा होतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नकोत. त्यातलं तेल पेट घेऊ शकतं म्हणून विमानात त्यांना बंदी आहे. आणि दूध-मांसाचे पदार्थ बाहेरून नेऊ द्यायचे नाहीत असा युरोपीय संघाचा नियम आहे. त्यात साजूक तूप आलं, खवा आला, आणि आजींनी पाच किलो करायचं ठरवलेले पेढेही आले. ते करायला नाही म्हणू नका. डबा फलाटावरच उघडा.